उणे आठवरून भांडण

४ मार्च
आज दादाला नको ते बोलले. गणित एवढंसं! क्षचा दोन-तृतीयांश घात बरोबर चार. माझं उत्तर आठ. दादा म्हणाला, "उणे आठ पण येतं. लिही."

मी म्हटलं, मुळाच्या गणितात उणे उत्तर बाद, कालच तू उणे एक खोडायला लावलंस! "काल ताळा जुळला नव्हता म्हणून खोडलं. उणे होतं म्हणून नाही. घेऊन बघ ताळा." त्यानं दोनदा सांगितलं. परीक्षा दहा दिवसांवर — माझं डोकंच फिरलं. "स्वतः परीक्षेत दोनदा आपटलास, आणि मला शिकवतोस!"

आईचं शिलाई मशीन थांबलं. दादानं पेनाला टोपण लावलं आणि बाहेर गेला.

५ मार्च
ताळा घेतला. उणे आठचं घनमूळ उणे दोन. त्याचा वर्ग चार. जुळतंय की! कुठे तोंड लपवू?

७ मार्च
अबोला. मी स्वयंपाकघरात, तो बाहेरच्या खोलीत, मध्ये आई. "आई, विचार ना त्याला, गणितात दोन वर्गमुळं असली तर?" आई गेली, आली. "तो म्हणतोय, एक मूळ एकटं एका बाजूला ठेव, वर्ग कर. मूळ उरलं तर पुन्हा वर्ग कर. आणि आता तुमचं तुम्ही बघा, माझी भाजी करपतेय!"

मला हसू फुटलं. बाहेर तोही हसला. तेव्हाच उठून गेले असते तर मिटलं असतं. पण नाही, आमचं नाक वर!

८ मार्च
उद्या माफी मागणार. नक्की.

९ मार्च
दादा गेला. लांबच्या कारखान्यात नोकरी लागलीय, रात्री उशिरा निरोप आला, पहाटेची गाडी. आईला म्हणाला, "येतो गं." मग माझ्या खाटेपाशी थांबला. मी जागी होते. तोंडावर पांघरूण घेऊन तशीच पडून राहिले — काय म्हणावं मला! आता वर्षभर सुट्टी नाही, आई म्हणाली.

१४ मार्च
पेपर झाला. मुळांची सगळी गणितं सुटली. काडीचा आनंद झाला नाही. ज्याला सांगायचं तोच घरात नाही.

१५ मार्च
फोन लावला. "दादा, चुकले रे मी." तो म्हणाला, "आईला दे."

संपलं, वाटलं. आईनं बराच वेळ नुसतं "हं, हं" केलं आणि फोन ठेवला.

"रडत होता गं. तुला ऐकू जाऊ नये म्हणून मला मागितलं."