दोन धारांच्या मधली दुपार

कोल्हापूर,
गुरुवार

प्रिय संयोगिता,

सुरुवातीला काय लिहायचं इथंच बराच वेळ अडलो. तुझ्या नावाचं पाकीट मी आजवर एकदाच लिहिलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला, तुमच्या गारगोटीच्या पत्त्यावर. तेव्हा ‘चि. सौ.’ लिहिताना बरं वाटलं होतं. आता ते लिहिता येत नाही, आणि त्याच्या जागी जे लिहायची रीत आहे ते माझ्याच्यानं लिहवत नाही. म्हणून नुसतं ‘प्रिय’ लिहिलं. शनिवारी तू येणारच आहेस, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण तू समोर बसलीस की मी एस.टी.ला गर्दी होती का, पाऊस आहे का तिकडं, एवढंच विचारतो. तुझी आत्ती म्हणते, “सुनंशी बोलताय का कंडक्टरशी?” तिचं खरं आहे. मला बोलता येत नाही. आदर्श होता तेव्हा तो आपल्या दोघांच्या मध्ये बसून बोलायचा, त्यामुळं कधी अडलं नाही.

परवा तुझे आबा येऊन गेले. तुला न सांगता आले होते, तेव्हा त्यांच्यावर रागावू नकोस. चहा घेतला, उसाचं बोलले, माझ्या रिटायरमेंटचं विचारलं, आणि खरं बोलायचं ते उंबऱ्यावर चपला घालता घालता बोलले. मी ‘विचार करून कळवतो’ म्हणालो. ते गल्लीच्या टोकापर्यंत पोचले नसतील तोवर तुझी आत्ती आतून आली. “इचार कसला करताय? पोरगी काय म्हस हाय व्हय, दावं लावून ठिवायला?” एवढं बोलून ती पुन्हा आत गेली आणि भांडी आपटत बसली. घासलेलीच भांडी परत घासत होती. मी ऑफिसचे कागद काढून बसलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मोठं काम होतं, त्याच्या तयारीचं निमित्त झालं. ते काम काल पार पडलं. आधी ते सांगतो, मग आबांचं. तू कॉलेजात पोरांना हेच शिकवतेस, तुला त्यात नवीन काही नाही. तरी मला माझ्या पद्धतीनं सांगू दे.

आपल्या दूध संघाचा डेटाबेस जुन्या व्हर्जनवर होता. तो बनवणाऱ्यांनी कळवलं होतं की याच्या दुरुस्त्या आता बंद होणार, नव्यावर जा. त्याचे तीन इन्स्टन्स, म्हणजे तीन स्वतंत्र भाग आहेत, दूध संकलनाचा, पशुखाद्याचा आणि हिशेबाचा. बाकीचे दोन कधीही करता आले असते, पण संकलनाचं तसं नाही. गावागावातल्या संस्थांत सकाळची धार संपून दूध मापून होतं, आणि संध्याकाळच्या धारेला पुन्हा यंत्रं सुरू होतात. त्या दोन धारांच्या मधली दुपार तेवढी आपली. म्हशी कुणासाठी थांबत नाहीत, असं आदर्श म्हणायचा. हा सगळा डेटाबेस त्यानंच उभा केला होता, हे तुला माहीत आहे. तो संघात लागला तेव्हा लोक बापाचा वशिला म्हणाले होते. नंतर रात्री-अपरात्री यंत्र अडलं की तेच लोक त्याला फोन करायचे.

त्यानं एक चूक केली होती. नवीन पोरं करतात तशीच. घाईत होता, सगळी टेबलं, म्हणजे माहितीचे तक्ते, त्यानं स्वतःच्याच लॉगिननं तयार केली. म्हणजे प्रत्येक टेबलापुढं मालक म्हणून नाव, आदर्श. नंतर बदलू म्हणाला आणि राहून गेलं. तो गेल्यावर संघानं त्याचं ओळखपत्र परत घेतलं, हजेरी बंद केली, त्याच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसला. लॉगिनला मात्र कुणी हात लावला नाही. ते काढलं तर दूध अडेल, असं मीच सांगितलं होतं. ते खरंही होतं. पण रोज सकाळी ऑफिसात गेल्यावर मी ती यादी एकदा उघडून बघायचो. पंधरा गावांचं दूध येतंय आणि मालक आदर्श. तेवढं बघून मग चहा घ्यायचो. हे तुझ्या आत्तीलाही माहीत नाही.

कामासाठी पुण्याहून अनुजा नावाची इंजिनियर आली होती. तुझ्याच वयाची, हुशार आणि कामाशी काम ठेवणारी. आधी सगळ्याचा बॅकअप घेतला, तो उघडून तपासला. मग तिनं वापरकर्त्यांची यादी काढली आणि विचारलं, “काका, हे आदर्श कोण? हजेरीत तर नाव नाही. नोकरीत नसलेल्याचं लॉगिन नव्या व्हर्जनवर न्यायचं नाही, ऑडिटवाले धरतील.” खोलीतली आमची माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणालो, “होता एक जण आमच्याकडं.” ती म्हणाली, “मग काढून टाका, तुमच्याच हातानं. अधिकार तुम्हाला आहेत.” मी कमांड दिली. मशीननं ऐकलं नाही. या वापरकर्त्यावर बऱ्याच गोष्टी अवलंबून आहेत, काढता येत नाही, असं उत्तर आलं. संयोगिता, खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी मशीनचं बरं वाटलं. वाटलं, चला, राहू दे आता.

पण ती म्हणाली, “तसं सरळ निघत नाही काका. आधी मालकी दुसऱ्याच्या नावावर करायची, मग निघतं. आतलं काही जात नाही. त्यानं केलेलं सगळं तिथंच राहतं.” कुणाच्या नावावर, असं विचारल्यावर सगळे म्हणाले, साहेब, तुमच्याच करा. माझं नाव लिहायलाही घेतलं होतं. मग विचार केला, मी दसऱ्यानंतर घरी बसणार. माझ्या नावावर केलं तर उद्या कुणाला तरी हेच पुन्हा करावं लागेल. म्हणून कुणा माणसाचं नाव दिलं नाही, नुसतं ‘संघ’ असं लॉगिन केलं आणि सगळं त्याच्याकडं वळवलं. मग पुन्हा तीच कमांड दिली. या वेळी मशीननं काही विचारलं नाही. मी उठून बेसिनवर तोंड धुऊन आलो. परत आलो तेव्हा अनुजा खुर्चीतून उठून उभी राहिली. तिला कुणीतरी सांगितलं असावं. मला बघून म्हणाली, “काका, मला माहीत नव्हतं.” मी म्हणालो, “पुढचं करू, संध्याकाळच्या धारेची वेळ होत आली.”

संध्याकाळी यंत्रं सुरू झाली आणि पहिलाच फोन कोडोलीच्या बादशहाचा. तिथल्या संस्थेचा सेक्रेटरी, आदर्शचा दोस्त, तुमच्या लग्नात जेवणाच्या पंगती सांभाळणारा. ओरडायलाच लागला, “सायेब, आमची संस्थाच दिसंना की! लोकं किटल्या घिऊन हुभी हायती!” नव्या व्हर्जनमध्ये मराठी नावं क्रमानं लावायची रीत जरा बदलली आहे, त्यानं कोडोली यादीत खाली सरकलं होतं. खाली बघ म्हणालो. “हाय की! पर आमास्नी खालच्या वळीत का घातलंय? इलेक्शनला मत दिलं न्हाय म्हणून व्हय?” मी हसलो. आणि मग तो म्हणाला, “सायेब, पावतीवर खाली बारीक अक्षरात आदर्श यायचं, ते आज न्हाय आलं.” इतकी वर्षं ते कुणी वाचत असेल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हणालो, “आता नाही येणार, बादशहा.” तो म्हणाला, “व्हय.” मग म्हणाला, “दूध मातूर बराबर दाखवतंय.” आणि फोन ठेवला.

सगळी गावं आली. एक पावती चुकली नाही. निघताना शिपायानं जोतिबाच्या गुलालाची डबी पुढं केली, मशीनला लावा म्हणाला. आदर्श दर चैत्रात लावायचा, मशीनच्या कपाटाच्या दारावर त्याच्या बोटाचा गुलाबी डाग अजून आहे. दोन वर्षं आपल्या घरात कुणी गुलालाला हात लावला नव्हता. मी चिमूटभर घेतला आणि लावला.

आता आबांचं. तुझ्या कॉलेजातल्या राजवर्धन सरांनी घरी येऊन रीतसर विचारलं, आणि तू नाही म्हणालीस. कारण काय, तर मामा-आत्तींकडं शनिवारी कोण जाणार. आबांना वाटतं की ते सर तुला आवडतात. खरं-खोटं तुझं तुला ठाऊक. मनात नसेल तर नाहीच म्हण, कुणी जोर केला तर मी येऊन बोलतो. पण आमच्यासाठी नाही म्हणू नकोस. आदर्शवर जे जे अवलंबून होतं त्यातलं तू एक आहेस, असं मी दोन वर्षं धरून चाललो होतो, आणि तू शनिवारी आलीस की मला तोच आल्यासारखा वाटायचा. ते बरोबर नव्हतं. तो कुठं जात नाही. तू कुठंही गेलीस तरी तो इथं आहे आणि तुझ्याकडंही आहे. आज सकाळी आबांना फोन करून सांगितलं की आमच्या घरातून होकार आहे, पुढचं तिचं तिला विचारा. तुझी आत्ती शेजारी उभी होती. म्हणाली, “तिला सांगा, शनवारी दोघं आली तर दोन भाकरी जास्ती थापीन. एकटी आली तर त्याबी तिलाच खायला लावीन.” ये. आणि पुढचं पत्र तुला लिहायला घेईन तेव्हा सुरुवातीलाच अडून बसायची वेळ माझ्यावर येऊ नये, एवढी माझी इच्छा आहे.

तुझाच,
मामा