फाटकाशी म्हणायचा शब्द

८ ऑक्टोबर, रविवार

एकदाचे पोचलो! तीन विमानं, एक बस आणि शेवटी दीड तास आमच्यासाठी ठरवलेल्या ड्रायव्हरची खडखडती गाडी. कंबरडं मोडलंय, पण जीव हरखून गेलाय. घर दुमजली, लाकडी, हिरव्या दारांचं. खाली घरमालकीण राहते. वर एका खोलीत मी आणि ठमी, समोरच्या चिंचोळ्या खोलीत मास्तर, त्याच्या बरण्या, त्याच्या जाळ्या आणि त्याचे मोजे. मोज्यांचा वास आमच्या खोलीपर्यंत येतोय.

कॉलेजात आम्ही तिघं सदानकदा किडे गोळा करत फिरायचो. पुढे मास्तर खरोखरच प्राणिशास्त्राचा मास्तर झाला, मी शाळेच्या प्रयोगशाळेत नमुन्यांना टाचण्या मारून चिठ्ठ्या लिहू लागले आणि ठमीने शिवणयंत्र घेतलं. परदेशात जाऊन किडे पकडायचे, हा बेत वीस वर्षं नुसता शिजत होता. ठमीला मात्र मी अक्षरशः ओढून आणलंय. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा सकाळच्या घाईत दारातून 'जातो गं' म्हणाला, 'येतो' म्हणाला नाही, आणि संध्याकाळी घरी आलाच नाही. नातेवाइकांना फोन मीच केले होते. तेव्हापासून ही बाई हसायची विसरली आहे. कोणी चुकून 'जातो' म्हटलं तर त्याला उंबऱ्यावरून परत बोलावून 'येतो' म्हणायला लावते, मग तो गॅसवाला का असेना.

तिची सात वर्षांची चिमणी माझ्या आईकडे ठेवली आहे. निघताना चिमणीने माझा हात घट्ट धरून विचारलं, मावशी, आईला परत आणशील ना? मी म्हटलं, आणीन, आणि हसरी आणीन. दहा दिवसांत एवढं एकच काम जमलं तरी मला पुरे आहे.

९ ऑक्टोबर, सोमवार

घरामागे कुरण, कुरणाच्या टोकाला कुंपण, त्यात एक लाकडी फाटक आणि पलीकडे रान. ड्रायव्हर पूर्वी जहाजावर आपल्या लोकांबरोबर होता, त्यामुळे मोडकीतोडकी हिंदी बोलतो. त्याच्या तोंडून घरमालकिणीने एक अट घातली: रानातून बाहेर पडताना फाटकाशी थांबून प्रत्येकाने मोठ्याने निरोप घ्यायचा. कुठल्याही भाषेत चालेल, रानाला सगळ्या कळतात. मास्तरने डोळे फिरवले. मी त्याला कोपर मारलं. ज्याच्या घरी राहायचं त्याचं ऐकावं.

आमची पद्धत जुनीच. फांदीखाली पांढरी छत्री उलटी धरायची, वर काठीचे दोन रट्टे द्यायचे, छत्रीत पडेल ते आपलं. काठी ठमीकडे दिली. तिसऱ्याच फांदीला तपकिरी भुंगेऱ्यांचा सडा पडला. नखाएवढे, गुळगुळीत, चिमटीत धरले की 'टक्' करतात. एक मास्तरच्या कॉलरमधून आत शिरला आणि मास्तर छत्री टाकून नाचायला लागला. ठमी हसली. चक्क पोट धरून हसली! मला तिथल्या तिथे रडू आलं.

येताना फाटकाशी तिघांनी एका सुरात निरोप घेतला, येतो हं! ड्रायव्हरने समाधानाने मान हलवली.

११ ऑक्टोबर, बुधवार

रोज सकाळी रान, दुपारी टाचण्या. पेटीत साठ भुंगेरे लागले. काल मी सगळ्यांची तोंडं वरच्या कडेला करून एका रांगेत लावले होते. आज पेटी उघडली तर साठच्या साठ खिडकीकडे वळलेले. मास्तर म्हणतो, वाळताना वळतात. वीस वर्षं टाचण्या मारतेय, माझा एकही किडा कधी वळला नाही. पण मास्तरशी वाद घालायचा म्हणजे घसा फुकट घालवायचा.

झाडांच्या खोडांवर काती सापडल्या. पाठीवर उभी चीर, आत पोकळ, पाय सालीत घट्ट रोवलेले. वीतभर लांबीच्या आहेत. एवढा मोठा किडा आम्हाला एकदाही दिसलेला नाही. मास्तरला आनंदाने जेवण जाईना. ठमीने एक कात हातावर घेतली आणि किती नीट उसवलंय बघ, म्हणाली. शिंपिणीची नजर!

फाटकाशी रोजच्यासारखं, येतो हं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी खिडकीच्या काचेवर बाहेरून भुंगेरे. ठमीच्या उशीवर चार, मास्तरच्या टोपीत सात, माझ्या चपलेत दोन. खाली घरमालकिणीकडे एकही नाही.

ड्रायव्हरने सहज विचारलं, तुम्ही फाटकाशी काय म्हणता? मी कौतुकाने समजावलं. आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, ते अशुभ. 'येतो' म्हणायचं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने पुन्हा पुन्हा विचारलं, म्हणजे तुम्ही रानाला सांगितलंत की आम्ही येतो? चार दिवस? तिघांनीही? मग तो खाली जाऊन घरमालकिणीशी बराच वेळ बोलला. वर येऊन म्हणाला, येतो म्हणणाऱ्याची रान वाट बघतं, आणि मग न्यायला येतं. अजून उशीर झालेला नाही. फाटकाशी जाऊन स्पष्ट सांगायचं, की मी जातो.

मास्तरने फाटकावर चढून नाटकातल्यासारखं तीनदा 'जातो' म्हटलं. माझी जीभ जड झाली, पण मीही म्हटलं. ठमी ओठ मिटून उभी राहिली. मी समजावलं, चिडले, शेवटी चिमणीची शपथ घातली. ती एवढंच म्हणाली, चिमणीला एकच आई उरली आहे आणि ती असलं काही बोलणार नाही.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

माझ्या चपलेत आज काही नाही. मास्तरची टोपी मोकळी. ठमीची उशी मात्र दिसत नाही, इतके. ती हाताने बाजूला सारते आणि झोपते, जणू शेंगांची टरफलं आहेत. दुपारभर ती फाटकाशी उभी होती. विचारलं तर म्हणाली, टकटक ऐकतेय, शिवणयंत्रासारखी लय आहे. तिकिटं आजची करता येतात का बघितलं. अठरा तारखेच्या आधी एकही जागा नाही.

१४ ऑक्टोबर, शनिवार

ठमी सकाळी नऊला दिसेनाशी झाली. चपला फाटकाच्या अलीकडे, नीट जोडून ठेवलेल्या. मास्तर आणि मी हाका मारून मारून थकलो. रानात नुसती टकटक, सगळीकडून एका तालात.

घरमालकिणीने ड्रायव्हरकडून निरोप धाडला, की ठमीच्या जवळच्या माणसाने तिच्या वतीने सांगितलं तरी रान सोडतं. ती इथून निघाली, एवढंच सांगायचं. मी धावत फाटकाशी गेले आणि जीव खाऊन ओरडले, ती गेली! ती गेली! ती गेली!

तिसऱ्यांदा ओरडले आणि माझं मलाच ऐकू आलं. दोन वर्षांपूर्वी फोनवर एकेका नातेवाइकाला मी हेच सांगत होते. तो गेला. अगदी हेच शब्द. आमच्या भाषेत त्याचा अर्थ काय होतो, ते ड्रायव्हरला कुठून कळणार? मला कळायला हवं होतं.

टकटक एकदम थांबली.

चार वाजता ठमी रानातून चालत आली. अनवाणी, ओलीचिंब, हसत. मी तिला मिठी मारून ढसाढसा रडले. अंग गार आणि मऊ लागलं. पाण्यात भिजली असेल. आली, हे महत्त्वाचं.

१५ ऑक्टोबर, रविवार

ठमी आनंदात आहे. मास्तर म्हणाला, हिने तर कात टाकली! खरंच दहा वर्षांनी लहान दिसतेय. बाजारातून पिवळं कापड आणून दिवसभर हाताने चिमणीसाठी फ्रॉक शिवत बसली. टाके इतके बारीक की दिसत नाहीत. चिमणीशी फोनवर तासभर बोलली. चिमणी मला म्हणाली, मावशी, आई किती छान हसते आता!

संध्याकाळच्या आत फ्रॉक पुरा झाला. माझी बॅग गच्च भरलेली, म्हणून मीच तो कागदात गुंडाळला, वर चिमणीचं नाव लिहिलं आणि मास्तरच्या बॅगेत ठेवला.

मला आनंद व्हायला हवा. झालाही होता. पण ती कालपासून जेवलेली नाही. पापणी हलताना मी पाहिलेली नाही. आणि मघाशी अंगणात जाताना ती दारातून मला म्हणाली, जाते गं.

सहज म्हणाली. हसत.

१६ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी मास्तरला घेऊन रानात गेले. ती परवा जिथून आली त्या वाटेने. लांब जावं लागलं नाही.

मोठं झाड. खोडाला मिठी मारल्यासारखी. बोटं सालीत रोवलेली. तपकिरी, आरपार दिसणारी. मानेपासून कमरेपर्यंत उभी चीर. दंडावरचा देवीचा व्रण जसाच्या तसा. डाव्या अंगठ्याचं अर्धं नख, मशीनची सुई घुसली होती तेव्हापासूनचं. कपाळावर टिकलीचा गोल. तोंड उघडं.

आत काही नव्हतं. काहीच नव्हतं. मी हात लावला तर वाऱ्यासारखी हलकी—

मास्तरने ती चीर पाहिली. मग वळला आणि पळत सुटला. मी घरी पोचले तोवर तो बॅग घेऊन ड्रायव्हरच्या गाडीत बसला होता. काच खाली करून म्हणाला, विमानतळावर एखादी जागा मिळते का बघतो, तिथून मदत धाडतो. माझ्याकडे बघून बोलला नाही. वीस वर्षांची मैत्री.

ठमी वरच्या खिडकीतून त्याला हात हलवत होती. मी तिला ठमी का म्हणतेय?

माझी ठमी परवाच मेली. मी फाटकाशी उभी राहून तीनदा सांगितलं की ती मेली.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

मदत आली नाही. ड्रायव्हर परतला नाही. घरमालकिणीने खालचं दार आतून लावून घेतलंय. किती ठोकलं.

ती खोलीत आहे. खिडकीशी. पाठ माझ्याकडे. पाठीवर शिवण आहे. बारीक.

उद्याचं तिकीट. हिला घेऊन जायचं? चिमणीकडे? आणीन म्हटलं होतं. आता एकच काम, हिला तिथे पोचू द्यायचं नाही. दोघींचे पासपोर्ट खोलीतल्या शेगडीत जाळले. ती बघत होती. हसली.

का हसली?

दुपार. फ्रॉकच्या उरलेल्या चिंध्या पलंगाखाली सापडल्या. एक उसवली. शिवणीच्या आत दाणे. पांढरे. तांदळाएवढे. ओळीने, टाक्याटाक्याला एक. नखाने दाबला तर आत काहीतरी—

मास्तरला फोन. बंद. पुन्हा. बंद. पुन्हा. आईला. लागत नाही.

माझ्या हाताने. बॅगेत मी माझ्या हाताने—

१८ ऑक्टोबर, बुधवार

आई लागली. मास्तर काल संध्याकाळीच येऊन गेला. बसला नाही. पाणीही घेतलं नाही. पुडकं चिमणीच्या हातात दिलं, आईने शेवटचं शिवलंय म्हणाला आणि रडत गेला. आई त्याच्यावर चिडली आहे. शेवटचं काय, असलं अभद्र बोलतात का? ठमीचा तर आज सकाळीच फोन येऊन गेला.

त्याला वाटलं आठवण आहे. मेलेल्या मैत्रिणीची आठवण. त्याला मी कुठे सांगितलं, तो फ्रॉक कोणी आणि कधी शिवला—

मी ओरडले, फ्रॉक काढ, जाळ. आई म्हणाली, वेडी आहेस का, पोर कालपासून अंगातून काढत नाहीये. जरा पाठ खाजतेय म्हणते. पावडर लावते, म्हणाली. मी नको म्हणेपर्यंत फोन ठेवला.

पुन्हा लावते. एका हाताने लिहितेय. लिहिलं नाही तर माझं डोकं—

रिंग जातेय. कोणी उचलत नाही.

ती पलंगावरून उठली आहे. माझ्यामागे उभी आहे. येऊ दे. आता मला काय करणार?

रिंग.

रिंग.

उचलला. चिमणी. मी म्हटलं, फ्रॉक काढ बाळा, आत्ताच्या आत्ता. चिमणी म्हणते, मावशी, तो आता निघत नाही. आजीनेही ओढून बघितला. मग आजीचा हातच त्याला चिक—