वाहिलेल्या कोंबडीचं अंडं

शेवगाव, ता. ८ नोव्हेंबर १९४८

चि. सौ. मार्था हिस रतनबाईचे अनेक आशीर्वाद व सप्रेम सलाम. वि. वि.

पत्र पोचलं. शलमोनच्या डोळ्यात कॅन्सरची गाठ आहे हे वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला. पण गाठ डोळ्याबाहेर गेलेली नाही असं डॉक्टर म्हणतात ना? मग डोळा काढू दे, पोर आपलं राहील. चार वर्षांचं लेकरू लवकर सावरतं. माझ्या भावाला सांग, वॉर्डाबाहेर नुसता दाढी वाढवत बसू नकोस.

मला काळजी हन्नाची आहे. शलमोन हवापालटाला गेला असं सांगून तुम्ही तिला माझ्याकडे सोडलंत. ती नऊ वर्षांची आहे मार्थे, नऊ महिन्यांची नाही. तुमच्या घोडेगावच्या घरून काखेत धरून आणलेल्या कोंबडीला ती वेळेवर दाणे घालते आणि स्वतः अर्ध्या भाकरीवर उठते. पोर लई गप गप का हाय, असं शेजारची छबूबाई रोज विचारते. संध्याकाळच्या प्रार्थनेत ती सगळ्यांची नावं घेते, भावाचं तेवढं गाळते. तिला खरं सांगू का? तुझ्या परवानगीवाचून सांगणार नाही, पण परवानगी लवकर दे.

माझ्या बोलण्याला धार असली तरी लोभ कमी समजू नये.

तुझी वन्सं,
रतनबाई

मुंबई, ता. १३ नोव्हेंबर १९४८

ती. वन्संना मार्थाचा सा. न. वि. वि.

ऑपरेशन येत्या गुरुवारी ठरलं. शलमोन मजेत आहे, सगळ्या नर्सबाईंना त्यानं टोपणनावं दिलीत. ताई कधी येणार म्हणून रोज विचारतो. मी उद्या म्हणते.

हन्नाला इतक्यात काही सांगू नका. डोळा काढणार हे माझ्याच तोंडून अजून धड निघत नाही, ती कशी सोसेल? जेवत नसेल तर अंडं उकडून द्या, तिला फार आवडतं. एवढं माझं ऐका आणि माया ठेवा.

आपली,
मार्था

शेवगाव, ता. १७ नोव्हेंबर १९४८

चि. सौ. मार्था हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू सांगितलंस म्हणून बाजारातलं अंडं उकडून हन्नापुढे ठेवलं. ती ताटावरून उठून पळाली ती खुराड्यामागे जाऊन बसली. तासाभरानं बोलती झाली.

सुगीच्या उपासनेला देवळात द्यायची म्हणून तू जिच्या पायाला तांबडी चिंधी बांधलीस, तीच ही कोंबडी. तिची अंडीही देवाचीच, असं तू बजावलं होतंस. ऑगस्टात शलमोन भुकेनं अंड्यासाठी हट्टाला पेटला, तेव्हा हन्नानं एक अंडं चोरून उकडलं आणि त्याला भरवलं. आठवड्याभरात दिव्यासमोर त्याचा डोळा मांजरासारखा चमकायला लागला. झालं! आपल्या चोरीची शिक्षा देवानं भावाच्या डोळ्याला दिली, असं पोरीनं ठरवून टाकलं. आपण प्रार्थनेत त्याचं नाव काढलं की देवाला ते अंडं आठवेल, असं तिचं म्हणणं. तीन महिने हे ओझं एकटी वाहतेय.

मी परोपरीनं समजावलं. पण हवापालट सांगणाऱ्यांवर तिचा भरवसा उरलेला नाही, आणि मीही त्यांच्यातलीच. आता तिला तुझंच पत्र हवं. सगळं खरं लिही.

रागावले आहे, पण तुझीच,
रतनबाई

मुंबई, ता. २३ नोव्हेंबर १९४८

चि. हन्ना हिस आईचे अनेक आशीर्वाद व गोड पापे.

हवापालट ही थाप होती, बाळ. चूक माझी झाली. शलमोनच्या उजव्या डोळ्यात कॅन्सर नावाच्या रोगाची गाठ होती. गुरुवारी डॉक्टरांनी तो डोळा काढला. आता तो बसून पेज पितो.

डॉक्टरांना मी तुझ्या अंड्याची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, हा रोग कुणाच्या खाण्यानं, चोरीनं किंवा भांडणानं होत नाही. कशानं होतो ते त्यांनाही ठाऊक नाही. पण गाठ त्या अंड्याच्या कितीतरी आधीपासून होती. आणि अंड्यांचा नियम मी केला होता, देवानं नव्हे. भुकेल्या भावाला भरवलंस, त्याचा देवाला राग कसा येईल?

नाताळाआधी आम्ही परत येऊ. शलमोन पेला धरायला जातो तर हात भलतीकडेच पडतो. मला ते बघवत नाही, रडू येतं. तुझी फार आठवण येते.

तुझी,
आई

शेवगाव, ता. ६ डिसेंबर १९४८

ती. आईस हन्नाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्या वाचून दाखवणार होती, पण मी ते घेतलं आणि स्वतः वाचलं. चार वेळा. तुझा खूप राग आला होता. आता थोडाच आहे. मी रडले आणि मग दोन भाकरी खाल्ल्या.

शाळा सुटली की मी उजव्या डोळ्यावर आत्याचा रुमाल बांधते, तो दिवे लागेपर्यंत सोडत नाही. पहिल्या दिवशी पाणी पेल्याबाहेर सांडलं आणि ओट्याची पायरी चुकून गुडघा फुटला. पोरीला याड लागलं, असं छबूबाई म्हणाली. सुईत दोरा अजून जात नाही. पण पाण्याची युक्ती सापडली. तांब्याचा काठ आधी पेल्याला टेकवायचा, मग ओतायचं. पायरी आधी पायानं चाचपायची. हे सगळं मी शलमोनला शिकवीन. तू रडू नकोस, त्याला फक्त घेऊन ये.

काल सुगीची उपासना झाली. कोंबडी देवाला दिली. मग देवळात आलेल्या दानाचा लिलाव झाला, त्यात आत्यानंच ती पैसे देऊन परत घेतली. तिच्या पायातली चिंधी मी सोडून टाकली. आता तिची अंडी आपली. मी ती शलमोनसाठी भुशात जपून ठेवतेय.

बाबांना सलाम. पत्राला उशीर झाला तरी माझ्यावर रुसू नये.

काल प्रार्थनेत मी सगळ्यात आधी शलमोनचं नाव घेतलं. मोठ्यानं घेतलं.

तुझी,
हन्ना