अस्मिताचा लाल पास्ता

प्रिय तेजश्री,

तू पोलादपूरला माहेरी गेलीस त्याला दोन महिने होत आले. फोन केला असता, पण दीपक हल्ली माझा, सख्ख्या आईचाही मोबाईल तपासतो. म्हणून ही चिठ्ठी शेजारच्या शकूच्या हाती पाठवतेय, ती तिकडेच निघालीय. वाचलीस की फाडून टाक बाई.

आधी तुझ्या लेकीचं सांगते. बरी आहे असं म्हणवत नाही. भाताला तोंड लावत नाही, मासळी बघून ताट सरकवते. एकच धोशा, मम्मीचा लाल पास्ता. दीपकनं बाजारातून बाटलीतला सॉस आणला, तो तिनं थुंकून टाकला. मग म्हटलं, एवढी वर्षं या घराचा स्वयंपाक केला, मला चार टोमॅटो शिजवता येऊ नयेत?

पण तेल तापलं आणि हात आपसूक मोहरीच्या डब्यात गेला! जिरं, कढीपत्ता, वर गुळाचा खडा. अस्मितानं चमचा जिभेला लावला आणि म्हणाली, आजी, हे तर सार आहे. होतंच ते सार! दुसऱ्या खेपेला फोडणी टाळली, तर नुसतं पाणचट. शेवटी तिनंच ओट्यापाशी उभं राहून मला शिकवलं. मम्मी टोमॅटोला खालून चीर देते, उकळत्या पाण्यात टाकते, सालं काढते. लसूण लाल होऊ द्यायचा नाही. आटेपर्यंत तिथून हलायचं नाही. एवढीशी चिमुरडी, पण तुझं सगळं तिला पाठ. कांदा चिरत नव्हते, तरी माझ्या डोळ्यांना धार लागली.

परवा जमला एकदाचा. पोरीनं ताटली चाटूनपुसून साफ केली. मी आपली खूश. तेवढ्यात तिनं विचारलं, आता तुला येतो ना, मग मम्मी येणारच नाही का? तेव्हापासून तिनं पास्त्यालाही हात लावलेला नाही. आणि दीपक म्हणतो, राहू दे उपाशी, पोरीपायी तरी तेजश्री नाक घासत येईल. माझ्या पोटचा गोळा हा! स्वतःच्या लेकीला गळाला लावून बसलाय. लाज वाटते गं मला.

तुला वाटेल, म्हातारी गोड बोलून परत बोलावतेय. नाही गो. येऊ नकोस. तुझ्या गालावरचा वळ मी पाहिलाय. जोवर त्याचा हात आवरत नाही, तोवर या उंबऱ्याला पाय लावू नकोस. बुधवारी तो पनवेलला जाणार आहे. सकाळच्या एसटीनं मी अस्मिताला घेऊन येते, तू पोलादपूरच्या स्टँडवर थांब. तिला माझ्या हातून घे. आणि उद्या मी लेकाच्या मायेपोटी तिला परत मागायला आले, दारात बसून रडले, तरी देऊ नकोस.

तुझीच,
आणि नाइलाजानं दीपकचीही,
आई