तुंबलेल्या ओळी

सोमवार
मानवजातीने आजवर बरेच अन्याय सोसले. त्यांत आज एकाची भर. नव्या खोलीतल्या बेसिनचं पाणी उतरत नाही. दाढी करावी, तर सकाळचाच फेस दुपारपर्यंत माझ्याकडे बघत बसतो. बाकी खोली झकास! ऐसपैस टेबल, खिडकीत ऊन, खालच्या मजल्यावर मितभाषी घरमालकीण काकू. आयुष्यभर लोकांची टर उडवून पोट भरलं. आता आईवर पुस्तक लिहायचं. त्यात एकही विनोद नाही, अशी शपथ घेतली आहे.

बुधवार
आई गेली त्या दुपारची एक ओळ लिहिली. खरी होती, म्हणून लाज वाटली. खोडून तिथे कोटी टाकली. फक्कड जमली! हात धुवायला गेलो, तर बेसिनच्या भोकातून केसांचा बुळबुळीत पुंजका वर आलेला. लांब, पांढरे केस. आईच्या तेलाचा वास.

गुरुवार
पुन्हा खोडाखोड. पुंजका मुठीएवढा झाला. वर सायीसारखी कातडी धरली आहे. चिमट्याने उचलून फेकला. चहा पिऊन येतो, तो हा पुन्हा हजर. तक्रार घेऊन खाली गेलो, तर काकू कांदा चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, की अहो लेखकसाहेब, खोडलेलं जाणार कुठे? आधीचे भाडेकरू बादलीत भरून गटारात टाकून आले, पुढे बिचाऱ्यांना एक ओळ सुचली नाही. मग करू काय, असं विचारलं. आपलं आहे ते आपणच गिळायचं, म्हणाल्या, आणि हातावर चमचा ठेवला. उसना आहे हो, परत आणून द्या, हेही वर.

शनिवार
लिहिता येत नाही. प्रत्येक ओळीला विनोदाचं शेपूट फुटतं. बेसिनमध्ये आता ओठ आहेत. खोडलेल्या ओळी बोलतात — माझ्याच आवाजात, कोटीशिवाय. शिसारी आली. केसांची, की त्या आवाजा—

रविवार, सकाळ
चमचा भरला. कोमट. दाताखाली कुरकुरलं — नख. ओकलो. मग ओकलेलंही — टाकून चालणार नाही —

रविवार, दुपार
बेसिन रिकामं. पाणी उतरतंय.
चमचा घासूनपुसून काकूंच्या दाराशी ठेवला. उसनं फिटलं.
घशात काहीतरी वर सरकतंय. शब्दच असणार, बुधवारी खोडलेले. आई, तू गेलीस तेव्हा मी तुझा हात —