आवाज बाहेर पडत नाही

५ जानेवारी, रविवार
आजपासून कामाला सुरुवात. सव्वीस जानेवारीपर्यंत इंजिनात आवाज बसवायचा म्हणजे बसवायचा.
वर्कशॉप पोराच्या, अंगदच्या हवाली केल्यापासून ही खेळण्यातली आगगाडीच माझा धंदा. मागच्या खोलीत फळ्या ठोकून रूळ टाकलेत. सिग्नल आहे, फाटक आहे, वीतभर लांबीचं डिझेल इंजिन आहे. पण गाडी मुकी धावते. ते मनाला खातं.
काम अवघड नाही. डिकोडर म्हणजे नखाएवढं सर्किट, त्यात खऱ्या इंजिनाचे आवाज भरलेले. त्याला जोडायचा साखरेच्या खड्याएवढा स्पीकर. बस. सोयगावहून आलो तेव्हा मी चितेगावला मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात झाडू मारत होतो. पुढं स्वतःचं वर्कशॉप उभं केलं ते या कानांच्या जोरावर. स्क्रू ड्रायव्हरचं पातं मोटरच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला. मागचं बेअरिंग गेलंय म्हणालो की खोलल्यावर गेलेलंच निघायचं. अशा माणसाला हा खेळण्यातला आवाज काय जड आहे?

८ जानेवारी, बुधवार
डिकोडर बसला. सोल्डरिंग एकदम फर्स्ट क्लास. हॉर्न दाबला. आवाज नाही. म्हणजे आहे, पण डबीत कोंडलेल्या डासासारखा.
बायको आवडा स्वयंपाकघरातून धावत आली, काहीतरी बोलली, हात झटकून गेली. ही हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते. टीव्हीवरच्या बातम्यावाल्यांचंही तेच.
मग आपली जुनी टेस्ट केली. स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला, मूठ कानाच्या हाडाला. वा! इंजिनाची धडधड साफ, हॉर्न ठणठणीत. निदान पक्कं. आवाज तयार होतोय, बाहेर पडत नाही. दोष स्पीकरचा.

१२ जानेवारी, रविवार
स्पीकर उघडा ठेवला की त्याच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकाला मारतात. म्हणून मागून हवाबंद डबी लागते. डबी केली, सिलिकॉननं बुजवली. फरक नाही. व्हॉल्यूमची सेटिंग अर्ध्यावर होती, ती पार वर नेली. किंचित फरक.
शेजारची सायली भिंतीवरून विचारत होती, काका, जनरेटर घेतला का हो नवीन? चला. एका तरी माणसाला इंजिन मोठं वाटलं.

१४ जानेवारी, संक्रांत
पुंडलिक तिळगूळ घेऊन आला. रिटायर्ड इंजिन ड्रायव्हर, उभा जन्म डिझेलवर काढलेला. याच्याहून मोठा परीक्षक कोण? हॉर्न दाबला तसा खुर्चीतून उठलाच. म्हणाला, तस्संच हाय रामकिसन, हुबेहूब तस्संच, आता बंद कर. मी म्हणालो, अजून बारीक आहे रे. माझ्याकडं बघतच राहिला. मग खुर्ची ओढून गुडघ्याला गुडघा लावून बसला आणि म्हणाला, कान दाखवून घे गड्या एकदा, म्या बी दाखवले.
बिचारा. इंजिनाच्या धडधडाटात त्याचे कान गेले, आता त्याला वाटतं सगळ्यांचेच गेलेत. मन राखायला बघू म्हणालो.

२० जानेवारी, सोमवार
मोठा स्पीकर आला. गोल, दहाच्या नाण्याएवढा. बसेना. इंजिनाच्या कवचाच्या आतल्या भिंती कानशीनं घासल्या. तरी बसेना. शेवटी ड्रायव्हरच्या केबिनचा मागचा भाग कापला. नंतर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारला की कुणाला कळत नाही.
स्क्रू ड्रायव्हरनं ऐकलं. पहिल्यापेक्षा दणकट. नुसतं ऐकलं तर तेच.

२६ जानेवारी, रविवार
मुदत आज संपत होती. शिवजयंतीपर्यंत वाढवली. घाईचं काम मी जन्मात केलेलं नाही.
आवडाच्या हळदीकुंकवाला बायका आल्या होत्या, त्यांना गाडी चालवून दाखवली. दोघींनी कानांवरून पदर घेतला. जुन्या वळणाच्या बायका, पुरुषमाणसाचा मान ठेवतात. लवकरच उठल्या. संध्याकाळी सगळ्यांनाच स्वयंपाक असतो.
नंतर आवडा काही बोलली नाही. हल्ली कमीच बोलते. पूर्वी जेवायला बसलं की गावभरच्या गोष्टी कानावर घालायची, घास गिळू द्यायची नाही. वय झालं की माणूस निवतो. बरंय, घरात शांतता आहे.

२ फेब्रुवारी, रविवार
कुकर करपला. आवडा भाजी आणायला गेलेली. आल्यावर म्हणे, सांगून गेल्ते की, तीन शिट्ट्या झाल्या का गॅस बंद करा. आता शिट्टीच झाली नाही तर माणूस काय करणार? नवी शिट्टी आणायची.
अंगद आला होता. कारभार हातात आला तसा पोराचा आवाज चढलाय. बापाशी बोलतो ते गेटवरच्या वॉचमनशी बोलल्यासारखं. मी म्हणालो, हळू बोल, बहिरा नाही मी. तो आईकडं बघून हसला. ती हसली नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार
आवडा पडली. न्हाणीत. मनगट मोडलं, प्लास्टर घातलंय.
मी मागच्या खोलीत टेस्टिंग करत होतो. मध्ये एक भिंत. सायलीनं येऊन माझा दंड धरून हलवलं तेव्हा कळलं. ती म्हणे, काका, काकू कवापासून हाका मारायल्यात.
दवाखान्यात अंगद आईला विचारत होता, दादांना मोठ्यानं हाक का नाही मारलीस? ती काय म्हणाली ते मला नीट कळलं नाही. सायलीला विचारलं. ती आधी सांगेना. मग माझ्या कानाजवळ येऊन म्हणाली, काकू म्हणल्या, पयले दोन-चार हाका त्यांच्या नावानं मारल्या. मंग म्हणलं येडी हाय का मी, मंग सायलीच्या नावानं मारल्या.
न्हाणीचं दार फार जाड आहे. बदलून घ्यावं. सायली म्हणते हॉर्न सारखा वाजत होता. असेल.
आज इंजिनाला हात लावला नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
अंगदनं धरून कानाच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या मॅडमनी काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावला. आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. बराच वेळ त्यांनी मशीन चालूच केलं नव्हतं. मग कानामागं हाडावर एक ठोकळा लावला, तेव्हा मात्र सगळं ऐकू आलं.
मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. हाडातून गेलेला आवाज आत पोचतो, हवेतला वाटेतच अडतो. मी अंगदला म्हणालो, बघ, स्क्रू ड्रायव्हर खोटं सांगत नव्हता. फक्त दोष इंजिनाच्या बाजूला धरला, एवढाच काय तो फरक. तो गाडी चालवताना डोळे पुसत होता. जालना रोडला धूळ फार.
कानाचं मशीन आठ दिवस वापरून बघायला दिलंय. अंगदच्या समाधानासाठी उद्या लावीन.

१९ फेब्रुवारी, शिवजयंती
मशीन लावलं. पेपर वाजतो. चपला वाजतात. पंख्याचं बेअरिंग जायला आलंय.
इंजिन चालवलं. हॉर्न दाबला आणि हातातला कंट्रोलर खाली पडला. व्हॉल्यूम पार तळाला आणला तरी स्पीकर फाटक्या पत्र्यासारखा. पहिला, साखरेच्या खड्याएवढा, तोच बरा होता. केबिन कापली ती कापली. लांबी धरत नाही.
गाडी बंद केली. स्वयंपाकघरातून बोलणं ऐकू आलं. कोण आलंय म्हणून बघायला गेलो. कुणीच नव्हतं. आवडा पाठमोरी, एका हातानं मेथी निवडत बोलत होती. प्लास्टरच्या आत खाज सुटती म्हणे, रातभर डोळ्याला डोळा नाय. मग थोडं थांबून, घोगऱ्या आवाजात, विणकामाची सुई घाल की आत. मग परत आपल्या आवाजात, व्हय, सुई घाला म्हणं, तुमचं काय जातंय.
तो घोगरा आवाज माझा होता.
मी दारात उभा. तिला माहीत नव्हतं. तिनं मेथी बाजूला सारली, विचारलं, च्या टाकू का? मी तोंड उघडेपर्यंत तिचं तिनंच उत्तर दिलं, टाक, पण अर्धा. 'पण'वर जोर देऊन, मी देतो तसा.
कधीपासून, ते विचारलं नाही. मागच्या खोलीत येऊन बसलो.
थोड्या वेळानं तिनं कप आणून ठेवला आणि परत मेथीकडं गेली. अर्धाच होता.