फ्लॉप्या माधुरीला, वजन मच्छिंद्रला

मी, कानिफनाथ आसाराम बोरुडे, वय वर्षे चौसष्ट, धंदा पुस्तके लिहिणे, जुळवणे व विकणे, मूळ गाव मिरजगाव, तालुका कर्जत, हल्ली राहणार सावेडी, अहमदनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने व स्वतःच्या हस्ताक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कानांना दाखल्याची गरज नाही. माझ्या पश्चात काय ठेवायचे नि काय काढायचे याची पलीकडच्या खोलीत चालणारी बोलणी मला नीट ऐकू येतात. म्हणूनच हा कागद.

घरात संगणक असताना हाताने का लिहिले, असे कोणी विचारील. आमच्या घरात सर्वांत सफाईने टाइप करते ती माझी सून माधुरी, आणि या कागदाने तिला काही द्यायचे आहे. तिनेच टाइप केला तर उद्या भावकीला बोलायला जागा होईल. म्हणून बॉलपेन.

१. घर : सावेडीचे राहते घर, पुढच्या दुकानासह, माझी पत्नी सौ. राहीबाई हिचे ती हयात असेपर्यंत राहील. तिच्यानंतर मुलगा आदिनाथ याचे. तिच्या हयातीत तिची खोली भाड्याने देण्याचा विषय कोणी काढू नये. एकदा निघाला होता, मी ऐकला आहे.

२. शिल्लक : बँकेत व पोस्टात जे असेल त्यातले अर्धे राहीबाईला. उरलेले आदिनाथ आणि कोपरगावला दिलेली माझी मुलगी राजनंदिनी यांना सारखे. मुलीचे लग्नात झाले, असे आमच्याकडे म्हणतात. लग्नात जेवले ते वऱ्हाड. मुलीचे काय झाले ते बापाला माहीत असते.

३. शिशाचे खिळे : याची हकीकत सांगावी लागेल. मी मिरजगावच्या बाजारात आरत्यांची पुस्तके विकत असे. बाकीचे विक्रेते ओरडत, मी ऐकत असे. पुस्तक चाळून खाली ठेवताना माणूस जे पुटपुटतो, तेच त्याला हवे असलेले पुस्तक. “ह्यात बोअरचं काय हाय का?” “सातबारा वाचायचं हाय का?” नव्हते, म्हणून विचारपूस करून मी ते लिहिले. अट एकच ठेवली : मिरजगावला एसटीत बसलेल्या माणसाचे नगर यायच्या आत वाचून संपले पाहिजे. एका प्रकाशकाने ते हातात फिरवून पाहिले आणि एवढ्याशा पुस्तकाचे कपाटात नावसुद्धा दिसणार नाही म्हणून परत दिले. माझे वाचक पुस्तक खिशात ठेवणारे, कपाट कोणाकडे होते? मी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापायचा जुना छापखाना घेतला आणि स्वतःच छापू लागलो.

पुढे संगणक आला आणि एक अख्खे पुस्तक एका फ्लॉपीत मावू लागले. तेव्हा माझा धाकटा भाऊ मच्छिंद्र याने ती चकती तळहातावर तोलून भर पंगतीत विचारले, “दादा, ह्यात पुस्तक हाय म्हनतोस, मंग वजन कुठंय?” पंगत हसली. मीही हसलो, पण विसरलो नाही. सबब छापखान्याचे सर्व शिशाचे खिळे, पेट्यांसह, मच्छिंद्र यास देत आहे. ते त्याने स्वतः उचलून न्यावेत. टेम्पो लावू नये.

४. यंत्रे : संगणक, प्रिंटर व झेरॉक्स मशीन आदिनाथ यास द्यावे. मुलगा कष्टाळू आहे. लग्नसराईत पत्रिका करून दुकान तोच चालवतो, आणि घरातले दूध-भाजी त्या पत्रिकांतून येते हे मी मान्य करतो.

५. फ्लॉप्या : निळ्या डब्यातील माझ्या सर्व पुस्तकांच्या फ्लॉप्या आणि त्या पुस्तकांचे लेखनहक्क सून सौ. माधुरी आदिनाथ बोरुडे हिला देत आहे. कारणे लिहून ठेवतो.

आमचा धंदा असा. फ्लॉपी गावोगावच्या टायपिंगवाल्यांकडे ठेवायची. गिऱ्हाईक आले की त्यांनी तिथेच छापून द्यायचे, आपला हिस्सा ठेवून बाकी पाठवायचे. ना गोदाम, ना वाळवी. पहिली फ्लॉपी मी मोठ्या ऐटीत कोपरगावला जावयांकडे पाठवली. राजनंदिनीचा फोन आला : “नाना, पुस्तक उघडलं, पण नुसत्या मुंग्या दिसत्यात.” मी जावयांच्या संगणकाला नावे ठेवली. माधुरी भाजी निवडत होती. ती म्हणाली, “मामा, आपली मराठी अक्षरं आपल्याच मशीनमधी राहिली की. त्यांच्याकडं ती न्हाईत, मंग दिसतील कशी?” तिने अक्षरांची फाईल पुस्तकाबरोबर त्याच फ्लॉपीत घातली. कोपरगावच्या मुंग्यांची अक्षरे झाली. तिला हे कोणी शिकवले नव्हते. मी जन्मभर पुस्तके विकली, पण पुस्तकाबरोबर त्याची अक्षरेही पाठवावी लागतात हे मला सुचले नव्हते.

दुसरे कारण आदिनाथने वाचून रागावू नये. कोऱ्या फ्लॉप्या संपल्या म्हणून त्याने माझे ‘बोअर घेण्याआधी’ पुसून त्याच फ्लॉपीवर एक लग्नपत्रिका भरली. दुसरी प्रत काढलेली नव्हती, छापील प्रतीही विकून संपल्या होत्या. त्या दिवशी मी दोन्ही वेळा जेवलो नाही. माधुरी मशीनवर बसली आणि आठवून आठवून सगळे पुस्तक पुन्हा उभे केले. वाचले तर माझ्यापेक्षा बरे निघाले. जमिनीतले पाणी दाखवणाऱ्या पाणाड्याला काय विचारावे हा भाग माझ्यात नव्हताच. म्हटले, हे कुठून आणलेस? तर म्हणाली, “तुमी लिहायचं इसरला व्हता, मामा.” निळा डबा पत्रिकांच्या हाती राहिला तर एकेका लग्नात एकेक पुस्तक जाईल, आणि तिचे लिहिणेही त्यातच संपेल. मला भीती आहे ती एवढीच.

६. नाव : ‘पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाताना’ हे पुस्तक संपूर्ण माधुरीचे आहे. माझ्या सर्व पुस्तकांहून ते जास्त मागितले जाते. बाया ते वाचतात आणि नवऱ्यांना वाचायला लावतात. माझ्या कुठल्याही पुस्तकाने कोणाला काही करायला लावले नाही. माहेरचे हसतील म्हणून तिने त्यावर नाव घालू दिले नाही. माझ्या पश्चात सासऱ्याची आज्ञा म्हणून घालावे, मोठ्या अक्षरात. हसणाऱ्यांना एकेक प्रत द्यावी, फुकट नाही.

७. कामाची पद्धत : आमचे पुस्तक राहीबाई भाकरी थापत असताना मोठ्याने वाचले जाते. तिला वाचता येत नाही, ऐकता येते. ती “म्हंजी?” म्हणाली की ती ओळ चुकली, पुन्हा लिहायची. ऐकता ऐकता तव्यावरची भाकरी करपली की पुस्तक पास. ही पद्धत मोडू नये. करपलेली भाकरी लिहिणाऱ्याने खावी.

८. दहावा : माझा फोटो वर्तमानपत्रात देऊ नये. दहाव्याला येणाऱ्यांना माझे ‘वारसाची नोंद लावताना’ हे पुस्तक द्यावे. तूर्त त्याची गरज माझ्याच घराला असेल.

९. दुरुस्ती : येथवरचा मजकूर आज सकाळी पद्धतीप्रमाणे राहीबाईला वाचून दाखवला. घर ऐकले, शिल्लक ऐकली, मच्छिंद्रच्या खिळ्यांना पदर तोंडाला लावून हसली. कलम ५ मधली सुनेची हकीकत मी रंगात येऊन वाचली आणि तव्याकडे बघितले. भाकरी नीट फुगली होती. राहीबाईने हात झटकले.

“म्हंजी? फ्लॉप्या तिला आन् मशीन त्याला? मंग तिनं त्या चकत्या काय खिडकीला टांगायच्या?”

मी म्हटले, आदिनाथ तिचा नवराच आहे, बसू देईल की मशीनवर. ती म्हणाली, “बसू दिल, कवा? पत्रिका नसत्याल तवा. तुमाला छापखाना कुनी असा दिला असता तर तुमी लिव्हलं असतं का?”

मी लिहिले नसते. म्हणून कलम ४ मधील ‘संगणक, प्रिंटर’ हे शब्द खोडले असून समासात माझी व साक्षीदारांची सही आहे. संगणक व प्रिंटर माधुरीचे. झेरॉक्स मशीन व दुकानाची गिऱ्हाईके आदिनाथची. पत्रिका करायच्या असतील तर त्याने तिला विचारून मशीनवर बसावे, आणि येताना कोरी फ्लॉपी आणावी.

दुरुस्त केलेला मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचला. या वेळी राहीबाई ‘म्हंजी’ म्हणाली नाही. मी शेवटच्या ओळीवर आलो तेव्हा स्वयंपाकघरात धूर झाला होता. भाकरी मीच खाल्ली आणि मग सही केली.

ठिकाण : सावेडी, अहमदनगर
दिनांक : ९ डिसेंबर १९९८, बुधवार

(सही) कानिफनाथ आसाराम बोरुडे

आमच्या समक्ष त्यांनी सही केली व त्यांच्या समक्ष आम्ही केली. यातून आम्हा दोघांना काहीही मिळायचे नाही.

साक्षीदार १ : (सही) आबासाहेब गदादे, शेजारी
साक्षीदार २ : (सही) रंगनाथ कोरडे, टायपिंगवाले, मिरजगाव